पुढच्या महिन्याची पाटी

धुकं असलं की खडू पाटीला धरत नाही.
आधी बाहीने पुसायचं, मग फुंकर घालायची,
मग भराभर लिहायचं, पाटीला कळायच्या आत.
अकरा वर्षं मी असाच नोव्हेंबर लिहिते
न्यूफाउंडलँडच्या या टोकाला,
मासळीच्या बर्फ-कारखान्याच्या दारावर.
बर्फ आता नाही, मासळीही बेताचीच,
पण भिंतींना खारट वास अजून आहे
आणि आत आवाज असा घुमतो
की खोकलासुद्धा सुरात वाटतो.

तीन तारखेला फिलोमिना किओ
पोत्याच्या कापडावर लोकरीच्या चिंध्यांचे गालिचे शिकवेल.
आकडी आपली आणा, चिंध्या ती देईल.
(मागच्या वर्षी नवऱ्याचा शर्टही तिने त्यात घातला.
तो बिचारा गालिच्यावर उभा राहून
आठवडाभर शर्ट शोधत होता.)

सातला पियानो लावणाऱ्या बाई येतील,
फेरी आली तर.
नाही आली, तर दहा तारखेचा बेसूर पियानो
आम्ही आधुनिक म्हणून खपवू.
पूर्वी खपवलाय. टाळ्या पडल्या होत्या.

दहाला पलीकडच्या बेटावरच्या तिघी बहिणी.
दोघी वाजवतात, तिसरी पानं उलटते,
आणि लोक खरं तर तिलाच बघायला येतात.

चौदाला मुलांसाठी कुरूप काठी:
फरशी पुसायचा दांडा, तळाला जुना गमबूट,
डोक्याला डबा, अंगभर बाटल्यांची झाकणं.
जमिनीवर आपटली की झालं वाद्य.
हळू आपटा. जमीन आपलीच आहे.

मग एकवीस.
इथे माझा खडू जरा थांबतो.

एकवीसला मोकळा मंच. सात जागा.
प्रत्येकाला दहा मिनिटं,
अँब्रोज टोबिनला आठ, कारण तो अठरा घेतो.
सहा नावं केव्हाच आली.
सातवी ओळ रिकामी;
रिकामी म्हणजे अगदी कोरी नव्हे.
दर गुरुवारी सकाळी तिथे
एक उभी रेघ असते,
तळाशी उजवीकडे वळू पाहणारी,
आणि वरून अंगठा फिरवल्याची खूण.

एल असेल.
किंवा ई, वरच्या दोन रेघा यायच्या राहिलेला.
लिअँडर पाइक? खेकड्यांच्या प्लांटमधली रात्रपाळी संपवून
तो इथूनच जातो. बोटीवर गातो म्हणे,
पण इंजिन सुरू असेल तरच.
का लॉरेटा, जी पोस्टात बसून
गावातलं प्रत्येक अक्षर ओळखते
आणि स्वतः कधी कुणाला लिहीत नाही?
का एव्हरेट, वय वर्षं तेरा, ज्याच्या खिडकीतून
रात्री एकाच वळणावर अडणारं व्हायोलिन ऐकू येतं?

विचारणार नाही मी.
इथे सगळ्यांचं सगळ्यांना ठाऊक असतं;
एखादी गोष्ट तरी ज्याची त्याच्यापाशी राहू दे.

फक्त पाटी पुसताना ती रेघ सोडून पुसते.
भोवतीचा नोव्हेंबर दर आठवड्याला नवा,
ती तेवढी जुनी, जाड होत चाललेली.
दारावरचा दिवा आताशा दहालाच मालवते.
वीजबिल, असं कमिटीला सांगितलंय.
आणि परवा खिळ्याला दोरी बांधली,
दोरीला खडू,
झिजलेला तुकडा नव्हे, नवा, अख्खा.
खिळा कमरेच्या उंचीवर,
तेराव्या वर्षाच्या हाताला लागेल,
साठीच्याही.

आज सकाळी पाहिलं.
रेघ खाली वळून बोटभर पुढे गेली आहे.
पुसलेली नाही.
खडू मात्र दोरीसकट कुणीतरी नेला.

दुसरा बांधते आहे.
एकवीसला साडेसहाला खुर्च्या मांडायच्या आहेत,
तिसऱ्या रांगेतली शेवटची डुगडुगते, जपून.
चार हात लागले तर बरं.
चहा आहे.